चौदाचे वय, चौथीचे वाचन: अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येमागची पार्श्वभूमी

‘त्याला एलडी आहे’, म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी किंवा अध्ययन अक्षमता आहे, हे वाक्य आता पालकांच्या आणि शिक्षकांच्या तोंडी रुळले आहे. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाचे गुण न कापणे या सवलतीही माहितीच्या झाल्या. पण हे निदान पुष्कळदा हायस्कूलमध्ये आल्यावरच का होते? आणि त्याच बाकावर तितकेच अडखळत वाचणारे दुसरे मूल यादीबाहेर का राहते? याचा उलगडा करायचा तर अमेरिकेतला १९७०च्या दशकातला एक सरकारी हिशेब समजून घ्यावा लागतो. त्याआधीचा इतिहास मोठा आहे, इथे तो धावताच घेतला आहे.

१८९६ मध्ये एका इंग्रज डॉक्टरने वैद्यकीय नियतकालिकात चौदा वर्षांच्या एका मुलाची हकिगत छापली. मुलगा चुणचुणीत, खेळात चपळ. सातव्या वर्षापासून शाळा आणि खासगी शिक्षक दोन्ही चालू, तरी छापील शब्द त्याला लागत नव्हते. ७४९ गुणिले ८६७ हे गणित त्याने भराभर आणि बरोबर सोडवले, मात्र स्वतःचे नाव लिहिताना अक्षरांची अदलाबदल केली आणि ती चूक दाखवूनही त्याला लगेच दिसली नाही. सगळे शिक्षण तोंडी असते तर हाच मुलगा शाळेत पहिला आला असता, असे त्याच्या शिक्षकाचे म्हणणे होते. सगळी कहाणी या एका शेऱ्यात आहे, आणि पुढचा घोळही त्यातच आहे. अशी मुले तपासणारे त्या काळचे डॉक्टर बहुतेक नेत्रतज्ज्ञ होते आणि त्यांच्याकडे येत ती खाऊनपिऊन सुखी घरांतली मुले. शेतावर किंवा गिरणीत राबणाऱ्यांचे मूल वाचू शकले नाही तर त्याला कुणी डॉक्टरकडे नेत नसे, ते ‘ढ’ ठरून मोकळे होई. ‘हुशार, पण वाचता येत नाही’ ही प्रतिमा अशा निवडक मुलांवरून पक्की झाली.

१९०५ मध्ये पॅरिसमध्ये बुद्धिमापनाची पहिली उपयोगी चाचणी तयार झाली. वेगळी मदत लागणारी मुले हुडकणे हा तिचा हेतू होता. काही वर्षांतच तिच्या निकालातून बुद्ध्यांक नावाचा एक सुटसुटीत आकडा निघू लागला, आणि ‘हुशार’ हा शिक्षकाचा शेरा आता मोजता येतो असे सर्वांना वाटू लागले.

नाव मिळाले ते मात्र १९६३ मध्ये. शिकागोत जमलेल्या पालकांच्या सभेत एका शिक्षणतज्ज्ञाने ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ हा शब्द मांडला. गंमत अशी, की त्याच भाषणात त्याने लेबलांविषयी नाराजी व्यक्त केली होती. मुलाला नाव चिकटवण्यापेक्षा ते नेमके काय करते आणि काय करू शकत नाही याचे वर्णन करा, असा त्याचा आग्रह होता. पालकांनी आग्रह सोडला आणि नाव घेतले. त्यांना दोष देता येत नाही, कारण तोवर त्यांच्या मुलांना ‘मेंदूला इजा झालेली’ म्हणत, नाहीतर सरळ मतिमंद म्हणत. त्या मानाने नवा शब्द सौम्य होता आणि त्यात आशेला जागा होती.

या शब्दाने पुढे बराच गोंधळ घातला. अमेरिकेत ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ म्हणजे वाचन, लेखन किंवा गणितापुरती अडचण, बाकी बुद्धी सर्वसाधारण. ब्रिटनमध्ये १९९०च्या दशकापासून नेमका हाच शब्द बौद्धिक अक्षमतेसाठी वापरला जातो, आणि डिस्लेक्सियासाठी, म्हणजे वाचनातल्या खास अडचणीसाठी, ‘लर्निंग डिफिकल्टी’ म्हणतात. डॉक्टरांच्या पुस्तकात तिसरेच रूप, ‘डिसऑर्डर’. मराठीत या तिघांना अक्षमता, अडचण, विकार असे वेगवेगळे शब्द आहेत, पण व्यवहारात सगळ्यांवर ‘अध्ययन अक्षमता’ हे एकच पांघरूण पडते. ब्रिटिश लेख वाचून आलेला पालक आणि अमेरिकन चाचणी शिकून आलेला समुपदेशक एकमेकांसमोर बसले, की दोघेही बरोबर असून एकमेकांना चूक ठरवू शकतात.

आता मुख्य प्रकरणाकडे. १९७५ मध्ये अमेरिकेत कायदा झाला, की अपंगत्व असलेल्या प्रत्येक मुलाला शाळेने विनामूल्य आणि योग्य शिक्षण दिले पाहिजे. अपंगत्वांच्या यादीत एलडीही होती. पण आंधळेपणा किंवा बहिरेपणा ठरवायला जशी ठरलेली तपासणी होती, तशी एलडीची नव्हती. सीमा सैल ठेवली तर वर्गातली निम्मी मुले आत येतील, अशी धास्ती पैसे देणाऱ्यांना होती. म्हणून नियम ठरेपर्यंत एलडीखाली मोजायच्या मुलांवर एकूण मुलांच्या २ टक्क्यांची मर्यादा घातली गेली. व्याख्या ठरण्याआधीच आकडा ठरला.

मग १९७६ मध्ये नियमांचा मसुदा आला आणि त्यात चक्क एक सूत्र होते. बुद्ध्यांकाला ३०० ने भागा, त्यात ०.१७ मिळवा, येणाऱ्या आकड्याला मुलाच्या वयाने गुणा आणि त्यातून २.५ वजा करा. जे उरेल ती इयत्ता. मुलाचे वाचन त्या इयत्तेच्या किंवा त्याहून खालच्या पातळीवर असेल, तर त्याच्या कुवतीत आणि कामगिरीत ‘तीव्र तफावत’ आहे.

हे सूत्र एकदा हाताने सोडवून पाहावे. तीन मुले घ्या, तिघेही चौदा वर्षांचे आणि तिघांचे वाचन चौथीच्या पातळीचे. पहिल्याचा बुद्ध्यांक १३०. त्याची सीमारेषा येते सुमारे ५.९, म्हणजे तो पात्र. दुसऱ्याचा १००, सीमारेषा ४.५, तोही पात्र. तिसऱ्याचा ८५. त्याची सीमारेषा ३.८, आणि तो वाचतो चौथीच्या पातळीवर. तो बाद! समोर एकच धडा, तिघेही एकाच ओळीवर अडकलेले, आणि सर्वांत कमी आधार असलेल्याला सांगायचे की तुझे वाचन तुझ्या बुद्धीच्या मानाने ठीक आहे. १८९६ चा तो ‘हुशार, पण’ इथे अंकगणित होऊन परत आला.

मसुद्यावर टीकेचा पाऊस पडला आणि सूत्र मागे घेतले गेले. हा विजय समजला गेला, पण तो अर्धाच होता. डिसेंबर १९७७ च्या अंतिम नियमांत सूत्र नव्हते, ‘तीव्र तफावत’ हे शब्द मात्र तसेच होते. तीव्र म्हणजे किती, हे प्रत्येक राज्याने आपापले ठरवायचे. कुणी एक प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून किती विखुरले आहेत ते मोजण्याचे माप) धरले, कुणी दीड, कुणी दोन. राज्याची हद्द ओलांडली की काही मुलांची एलडी कागदावरून नाहीशी होई.

तफावतीच्या कल्पनेला शास्त्राचा आधार नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९६०च्या दशकात इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट या बेटावर शाळकरी मुलांची मोठी पाहणी झाली. बुद्ध्यांकाच्या मानाने वाचनात फार मागे असलेल्या मुलांची संख्या आलेखाच्या तळाशी अपेक्षेपेक्षा जास्त दिसली, एक छोटा उंचवटाच. म्हणजे ही मुले निराळ्या जातीची, असा अर्थ निघाला. पुढच्या पाहण्यांत तो उंचवटा टिकला नाही. मूळ वाचनचाचणी वरच्या टोकाला तोकडी होती, त्यामुळे आलेख वाकला असावा अशी शंका घेतली गेली. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासातून दिसले, की डिस्लेक्सिया हा रक्तदाबासारखा आहे. कमी-जास्त असतो, आणि रेघ कुठे मारायची ते माणूस ठरवतो. पण तोवर रेघ मारून पंधरा वर्षे झाली होती आणि तिच्यावर नोकऱ्या, चाचण्या, अनुदाने उभी राहिली होती.

हायस्कूलच्या मुलांचे यात दुहेरी नुकसान झाले. पहिलीतल्या मुलाचे वाचन कितीही कच्चे असले तरी तफावत ‘तीव्र’ भरायला खाली जागाच नसते. त्यामुळे ते पुरेसे मागे पडेपर्यंत वाट पाहावी लागे. या पद्धतीला तिचे टीकाकार ‘नापास होण्याची प्रतीक्षा’ म्हणत, आणि ते अतिशयोक्त नाही. दुसरे नुकसान अधिक छुपे आहे. जो कमी वाचतो त्याचा शब्दसंग्रह कमी वाढतो, आणि बुद्ध्यांकाच्या चाचणीत शब्दसंग्रह मोजला जातो. म्हणजे वाचनाच्या अडचणीमुळेच वर्षानुवर्षांनी बुद्ध्यांक खाली सरकू शकतो, तफावत आटते आणि खरोखर गरज असलेले मूल चौदाव्या वर्षी अपात्र ठरते. १९८६ मध्ये हे चक्र नीट मांडले गेले. नियमावर त्याचा परिणाम व्हायला आणखी अठरा वर्षे लागली.

ज्या भाषांत अक्षर आणि उच्चार यांचे नाते सरळ आहे, तिथे आणखी एक पेच आहे. इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी वाचकांची तुलना करणारा अभ्यास २००१ मध्ये आला. डिस्लेक्सिया असलेले इटालियन वाचक शब्द बऱ्यापैकी बरोबर वाचत होते, पण वाचत होते संथच. चुकत नसलेल्या मुलाकडे शिक्षकाचे लक्ष जात नाही. खालच्या वर्गांत हा संथपणा खपून जातो. हायस्कूलमध्ये दर तासाला शिक्षक बदलतात, पाने वाढतात, टिपणे स्वतःची स्वतः काढायची असतात, तेव्हा तो उघडा पडतो.

पात्र कोण हा वाद चालू असताना, शिकवायचे कसे याचे काम बाजूला शांतपणे चालले होते आणि त्याच्या वाट्याला फार कमी चर्चा आली. १९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या एका विद्यापीठात खास किशोरवयीनांसाठी हे काम सुरू झाले. निरीक्षण असे होते, की ही मुले मजकुरासमोर हातपाय हलवत नाहीत, एकदा नजर फिरवली की वाचून झाले. म्हणून परिच्छेद आपल्या शब्दांत सांगणे, टिपणे काढणे, स्वतःच्या लेखनातल्या चुका हुडकणे, प्रश्नपत्रिका कशी हाताळायची, ही कौशल्ये सुटी करून शिकवली गेली: आधी शिक्षक बोलून दाखवत करून दाखवणार, मग सोप्या मजकुरावर सराव, मग इयत्तेच्या पुस्तकावर. यात बुद्ध्यांक लागत नव्हता. कदाचित म्हणूनच हे काम मथळ्यात आले नाही.

२००४ मध्ये अमेरिकन कायदा बदलला. तफावत मोजलीच पाहिजे अशी सक्ती राज्यांनी करू नये, मुलाला नीट शिकवून पाहावे आणि ते कसा प्रतिसाद देते यावरून ठरवावे, असा मार्ग खुला झाला. तफावतीवर बंदी मात्र आली नाही. २०११ मध्ये मेंदूच्या प्रतिमांच्या अभ्यासात तफावत असलेल्या आणि नसलेल्या कच्च्या वाचकांचे मेंदू वाचताना सारखेच वागताना दिसले. १३० आणि ८५ मधला तो भेद मेंदूला ठाऊकच नव्हता. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेतून बुद्ध्यांकाशी तुलना काढून टाकली गेली. मदत मिळूनही अडचण किमान सहा महिने टिकली पाहिजे, अशी अट आली.

सवलतींचा वाद आता नव्या ठिकाणी पोचला आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेत जादा वेळ घेतलेल्यांच्या निकालावर पूर्वी खूण असे, ती २००३ मध्ये बंद झाली. खूण गेल्यावर जादा वेळ हवाहवासा झाला, आणि निदानाची महागडी तपासणी ज्यांना परवडते त्यांना तो अधिक सहज मिळतो ही कुरकुर वाढली. २०१९ मध्ये बाहेर आलेल्या अमेरिकन महाविद्यालयीन प्रवेशांच्या घोटाळ्यात बनावट निदान हेच एक हत्यार असल्याचे उघड झाले. नेत्रतज्ज्ञांकडे कुणाची मुले जात, हा प्रश्न सव्वाशे वर्षांनी वेगळ्या दारातून आत आला.

२०१३ च्या पुस्तिकेत आणखी एक वाक्य आहे, ज्याकडे हायस्कूलच्या शेवटच्या वर्षांत पोचलेल्यांनी लक्ष द्यावे. वय सतरा किंवा जास्त असेल, तर प्रमाणित चाचणीऐवजी अडचणीचा लेखी इतिहास चालू शकतो. म्हणजे जुन्या वह्या, प्रगतिपुस्तके, शिक्षकांच्या चिठ्ठ्या. ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’ हा तिसरी-चौथीतला तक्रारीचा शेरा आता अर्जाला पुरावा म्हणून जोडला जातो.