टीव्ही नसलेला टीव्ही मनोरा

जर्मनीतल्या श्टुटगार्ट शहराच्या दूरचित्रवाणी मनोऱ्यावरून २००६ पासून टीव्हीचं प्रक्षेपण होत नाही, एफएम रेडिओचं होतं. तरीही आगीच्या वेळी सुटकेची वाट अपुरी आहे म्हणून मार्च २०१३ मध्ये मनोरा लोकांसाठी बंद झाला, तेव्हा अख्खं शहर हळहळलं. ही माया समजायला १९५० च्या दशकात जावं लागतं.

श्टुटगार्ट वसलंय डोंगरांच्या कुशीतल्या खोलगट भागात. तिथे टीव्हीचं चित्र धड दिसेना, म्हणून प्रादेशिक नभोवाणी संस्थेने होहर बोप्सर टेकडीवर अँटेना उंच चढवायचं ठरवलं. बेत साधाच होता : तारांनी ताणून धरलेला, सुमारे २०० मीटरचा पोलादी खांब. फ्रिट्झ लेओनहार्ट या पूल बांधणाऱ्या अभियंत्याला तो पटला नाही. शहराच्या माथ्यावर खांबच रोवायचा, तर लोकांना वर जाता येईल असं काही का बांधू नये? आरसीसीचा निमुळता मनोरा, वर चार मजल्यांची टोपली, तिच्यात उपाहारगृह, माथ्यावर सज्जा. असला टीव्ही मनोरा तोवर जगात कुठेच नव्हता. खर्च कितीतरी जास्त, विरोधही झाला.

मला सगळ्यात आवडतो तो त्याचा पाया. २७ मीटर व्यासाचा हा पाया जमिनीत आठ मीटर खोल आहे. वरचा दांडा मात्र बुंध्याशी जेमतेम ११ मीटर रुंद, टोपलीखाली तर पाचच. वाऱ्याचा सगळा जोर हा पाया पेलतो.

जून १९५४ मध्ये काम सुरू झालं आणि ५ फेब्रुवारी १९५६ ला मनोरा खुला झाला. सुमारे ४२ लाख मार्क (तेव्हाचं जर्मन चलन) लागले होते. वर जाणाऱ्यांच्या तिकिटांतून ते पाचच वर्षांत वसूल झाले, आणि विरोध करणाऱ्यांचा मुद्दाच संपला. पुढे डॉर्टमुंड, मॉस्को, बर्लिन, टोरांटो अशा शहरांत काँक्रीटचे मनोरे उभे राहिले; उंचीत बहुतेकांनी त्याला मागे टाकलं. १९६५ मध्ये अँटेना बदलल्यापासून त्याची उंची सुमारे २१७ मीटर आहे.

मुंबईकरांना हे शहर तसं परकं नाही. १९६८ पासून दोन्ही भगिनी शहरं आहेत. वरळीचा दूरदर्शन मनोरा याहून उंच, पण तो पोलादी सांगाड्याचा. तिथे वर जाऊन शहर पाहण्याची सोय नाही.

जिन्याच्या आणि आगीपासून बचावाच्या सुधारणा करून श्टुटगार्टचा मनोरा जानेवारी २०१६ अखेर, साठाव्या वाढदिवसाच्या जेमतेम आठवडाभर आधी, पुन्हा उघडला.