जुनं शिसं, खोल खाणी आणि न्यूट्रिनोंचं धुकं

सार्डिनिया बेटाजवळच्या समुद्रात दोन हजार वर्षांपूर्वी एक रोमन जहाज बुडालं. त्याच्या पोटात शिशाच्या हजारावर विटा होत्या, एकेक वीट सुमारे तेहेतीस किलोंची. २०१० साली त्यांतल्या १२० विटा इटलीतल्या ग्रान सासो डोंगराखालच्या प्रयोगशाळेकडे रवाना झाल्या. विटांवर उमटवलेले रोमन शिक्के तेवढे कापून पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनी जपून ठेवले आणि बाकीचं शिसं भौतिकशास्त्रज्ञांना वितळवायला दिलं.

बुडालेली जहाजं गोव्याला नवी नाहीत. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी सुंची रीफजवळ बुड्या मारून सतराव्या शतकातल्या एका जहाजाचे अवशेष शोधले आहेत. तोफा, चिनी मातीची भांडी, हस्तिदंत असं बरंच काही वर आलं. अशा वस्तूंची जागा संग्रहालयात, असंच आपण धरून चालतो. मग अणूच्या पोटातले कण शोधणाऱ्यांना रोमन शिसं कशाला हवं होतं?

खाणीतून काढून नुकतंच गाळलेलं शिसं पूर्ण शांत नसतं. त्यात शिसं-२१० नावाचे किरणोत्सारी अणू थोडे तरी असतातच. दर बावीस वर्षांनी ते निम्मे होतात. साडेतीनशे वर्षांत हजारोंतला एखादाच उरतो आणि दोन हजार वर्षांनी जवळपास काहीच उरत नाही. शिवाय समुद्राच्या तळाशी पडून असलेल्या शिशावर आकाशातून येणाऱ्या कणांचा माराही कमी होतो. ग्रान सासोतल्या क्युओरे नावाच्या प्रयोगाला हवं होतं ते असंच, स्वतः कुठलीच खूण न करणारं शिसं. त्याचा डिटेक्टर निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम एका अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत थंड केलेला आहे. न्यूट्रिनो म्हणजे विद्युतभार नसलेला, जवळपास कशालाच न अडणारा कण. तो स्वतःचाच प्रतिकण, म्हणजे उलट गुणांचा जुळा, आहे का, याचं उत्तर क्युओरे टेल्युरियमच्या अणूंच्या एका अतिदुर्मीळ फुटण्यात शोधतो. अशी एखादी घटना घडलीच तर ती वर्षानुवर्षांतून एकदा. तिच्या आड जवळच्या शिशातला एक फुटलेला अणू आला, तर सगळी मेहनत पाण्यात.

या क्षेत्रातल्या बहुतेक प्रयोगांचं खरं काम हेच आहे, असं मला वाटतं. कण पकडणं पुढची गोष्ट, आधी बाकीचं सगळं गप्प करायचं.

गप्प तरी काय काय करणार? सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो दर सेकंदाला प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून सुमारे साडेसहा हजार कोटी जातात आणि आपल्याला त्यांचा पत्ता लागत नाही. ते शोधायचे आहेत ते वेगळ्याच गर्दीत. वातावरणाच्या वरच्या थरात वैश्विक किरण, म्हणजे अवकाशातून येणारे वेगवान कण, आदळतात, त्यातून म्युऑन नावाचे इलेक्ट्रॉनचे जड भाऊबंद जन्मतात, आणि पणजीच्या फुटपाथवर उभं राहून तळहात पुढे केला तर दर सेकंदाला साधारण एक म्युऑन त्यातून आरपार जातो. छप्पर, भिंत, काँक्रीट त्याला अडवत नाही. त्यात भर आपली स्वतःची: माणसाच्या शरीरात दर सेकंदाला सुमारे चार हजार पोटॅशियमचे अणू फुटतात. साध्या केळ्यात दहा-पंधरा. गोव्यातल्या मयड्याचं केळं मोठं, त्यात जरा जास्तच. आरोग्याला याने काही होत नाही, पण डिटेक्टरला हा असह्य गोंगाट आहे.

म्युऑनना अडवायला किलोमीटरभर खडक लागतो, म्हणून जमिनीखाली जायचं. आणि इथे भारताची एक गोष्ट आहे, जी शाळेच्या पुस्तकात असायला हवी होती. कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ १९५० आणि ६० च्या दशकांत खोली वाढवत वाढवत म्युऑन मोजत होते. सुमारे पावणेतीन किलोमीटर खोलीवर डिटेक्टर लावला, तेव्हा दोन महिने तो चालू होता आणि त्यात एकही कण नोंदला गेला नाही. दुसऱ्या कुणी यंत्र बिघडलं म्हटलं असतं. त्यांनी ताडलं की इथे म्युऑनचा गोंगाट इतका कमी आहे, की वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो इथे दिसू शकतील. ओसाका सिटी आणि डरहॅम विद्यापीठांना सोबत घेऊन त्यांनी सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर नवे डिटेक्टर बसवले आणि १९६५ साली वातावरणातले न्यूट्रिनो पकडले. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत फ्रेडरिक राइन्स यांच्या गटालाही ते सापडले. दोन महिन्यांच्या कोऱ्या नोंदवहीतून हे निघालं, याचं मला फार मोल वाटतं.

त्या वातावरणीय न्यूट्रिनोंनीच पुढे इतिहास घडवला. जपानमधल्या सुपर-कामिओकांदे या ५०,००० टन पाण्याच्या टाकीने १९९८ मध्ये दाखवलं, की प्रवासात न्यूट्रिनो एका जातीतून दुसऱ्या जातीत बदलतात. वस्तुमान असल्याशिवाय हे होत नाही. ते वस्तुमान किती, हे मात्र अजून हाती नाही. जर्मनीतल्या काट्रिन प्रयोगाने २०२५ मध्ये वरची मर्यादा ०.४५ इलेक्ट्रॉनव्होल्टवर (कणांची ऊर्जा आणि वस्तुमान मोजायचं एकक) आणली, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी.

आता कृष्णद्रव्य, म्हणजे डार्क मॅटर. दीर्घिकांच्या (गॅलॅक्सींच्या) कडेचे तारे इतक्या वेगाने फिरतात, की दिसणाऱ्या पदार्थाच्या ओढीने ते धरून ठेवता येणार नाहीत. व्हेरा रुबिन यांनी १९७० च्या दशकात हे बारकाईने मोजलं. त्याआधी १९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी यांना कोमा दीर्घिकासमूहात असाच संशय आला होता. आजच्या हिशेबाने विश्वातल्या एकूण पदार्थापैकी सुमारे ८५ टक्के हे न दिसणारं द्रव्य आहे. ते कणांचं असेल तर आत्ताही आपल्यातून जात असणार आणि कधीतरी एखाद्या अणुकेंद्राला धक्का देत असणार.

तो धक्का ऐकण्यासाठी अमेरिकेत साउथ डकोटातल्या जुन्या सोन्याच्या खाणीत, दीड किलोमीटर खाली, एलझी प्रयोगाने झेनॉन हा जड, निष्क्रिय वायू द्रवरूपात दहा टन भरून ठेवला आहे. ग्रान सासोला झेनॉन-एनटी आहे, चीनमध्ये जिनपिंगच्या डोंगराखाली पांडा-एक्स. तिन्हींची रीत एकच. झेनॉनच्या केंद्राला धक्का बसला की प्रकाशाचा बारीक लखलखाट होतो. सुटलेले इलेक्ट्रॉन विद्युतक्षेत्राने वर ओढले जातात आणि द्रवातून वायूत शिरताना दुसरा लखलखाट करतात. दोन्हींमधल्या वेळेवरून घटना किती खोलीवर घडली ते कळतं आणि दोन्हींच्या प्रमाणावरून धक्का केंद्राला बसला की इलेक्ट्रॉनला, हे ओळखता येतं. भिंतींजवळच्या नोंदी सरळ टाकून देतात, विश्वास फक्त मधल्या भागावर. झेनॉनमध्ये झिरपणारा किरणोत्सारी रेडॉन वायू सतत गाळून काढावा लागतो. झेनॉन-एनटीमध्ये आता एका किलो झेनॉनमागे आठवड्याला सरासरी एक रेडॉन अणूही फुटत नाही. आपल्या शरीराचा सेकंदाचा आकडा वर दिला आहे, तो याच्या शेजारी ठेवून पाहावा.

इतकं करून कृष्णद्रव्य सापडलेलं नाही. एलझीने २०२४ मध्ये २८० दिवसांच्या नोंदी तपासून तसं जाहीर केलं. याला अपयश म्हणायला मी तयार नाही. आधी शक्य वाटणारे कितीतरी कण या मोजणीने बाद केले, आणि बाद करणं हेही मोजमापच आहे.

शिवाय त्याच वर्षी वेगळंच घडलं. झेनॉन-एनटी आणि पांडा-एक्स यांना सूर्यात बोरॉन-८ पासून निघणाऱ्या न्यूट्रिनोंच्या पहिल्या खुणा दिसल्या. हे न्यूट्रिनो झेनॉनच्या अख्ख्या केंद्राला हलकेच ढकलतात, अगदी कृष्णद्रव्याचा हलका कण ढकलेल तसे. एकेका नोंदीवरून दोघांत फरक करता येत नाही. शास्त्रज्ञ याला न्यूट्रिनोंचं धुकं म्हणतात. खडक लावून, शिसं लावून, रेडॉन गाळून सगळं शांत केलं, आणि शेवटी उरला तो ज्याला कुठलाच खडक अडवू शकत नाही असा कण. न्यूट्रिनोवाल्यांसाठी ही मेजवानी आहे: सूर्याच्या गाभ्यातली बातमी आता कृष्णद्रव्याच्या टाकीतही मिळते. कृष्णद्रव्यवाल्यांची वाट मात्र इथून अवघड होत जाते, कारण नुसती टाकी मोठी करून धुकं हटत नाही.

खडक मिळत नसेल तर पाणी आणि बर्फही चालतो. सिसिलीजवळ समुद्रात ३,४५० मीटर खोलीवर केएम३नेट या दुर्बिणीच्या काचगोलांच्या माळा सोडल्या आहेत. १३ फेब्रुवारी २०२३ रोजी तिने पकडलेल्या न्यूट्रिनोची ऊर्जा सुमारे २२० पेटा-इलेक्ट्रॉनव्होल्ट होती, जिनिव्हाच्या एलएचसी या कणांना वेग देणाऱ्या यंत्रातल्या प्रोटॉनच्या तीसेक हजार पट. दक्षिण ध्रुवावर आइसक्यूबने एक घन किलोमीटर बर्फात पाच हजारांवर प्रकाशसंवेदक पुरले आहेत. खोल समुद्राचा अभ्यास दोनापावलाला होतो आणि भारताच्या अंटार्क्टिक मोहिमांची आखणी वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून. इतकं या विषयाच्या जवळ असलेलं दुसरं लहान राज्य भारतात मला तरी माहीत नाही.

मग आपली स्वतःची वेधशाळा? तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या डोंगराखाली आयएनओ, म्हणजे भारतीय न्यूट्रिनो वेधशाळा, उभारायचं ठरलं आणि २०१५ च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरीही दिली. चुंबकित लोखंडाचा ५०,००० टनांचा डिटेक्टर. मुरगाव बंदरात खनिज भरणाऱ्या एका मोठ्या जहाजात मावेल एवढं ते लोखंड. तीन न्यूट्रिनोंपैकी सर्वांत जड कोणता, हा त्याचा मुख्य प्रश्न. स्थानिकांचा विरोध, पर्यावरण परवान्याचे खटले आणि राज्य सरकारचा नकार यांत तो अडकला. त्याच प्रश्नासाठी बांधलेला चीनचा जुनो, २०,००० टन द्रवाचा, २०२५ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाला. मला याचं वाईट वाटतं, कोलारच्या वारशामुळे जास्तच. पण आक्षेप घेणाऱ्यांना मी विज्ञानविरोधी म्हणणार नाही. मोलेचं जंगल वाचवण्यासाठी २०२० मध्ये गोव्यातली तरुण मुलं उभी राहिली, तेव्हा डोंगराला हात लावण्याआधी गावाशी बोलायला हवं, हे आपणही ठासून सांगितलं होतं.

मदुराईत या डिटेक्टरची ८५ टनांची छोटी प्रतिकृती जमिनीवर चालू आहे. तिच्याभोवती म्युऑन ओळखणाऱ्या पट्ट्यांचं कवच घालून एक गोष्ट तपासायची आहे: येणाऱ्या दहा हजार म्युऑनपैकी ९,९९९ ओळखून वगळता येतात का? ते जमलं तर किलोमीटरभर खडकाची गरज उरणार नाही, शंभरेक मीटर पुरेल. तेवढा खडक डोक्यावर असलेल्या जागा सह्याद्रीत पुष्कळ आहेत. ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठात आणि झुआरीनगरला बिट्समध्ये आज भौतिकशास्त्र शिकणाऱ्यांनी मदुराईच्या त्या आकड्यावर लक्ष ठेवावं. जागेची चर्चा पुन्हा निघाली, तर गावकऱ्यांसमोर त्यांच्या भाषेत म्युऑन म्हणजे काय ते सांगणारी माणसं पहिल्या दिवसापासून लागतील.