राउटरचे काम आणि साधा संगणक: पार्श्वभूमी

इंटरनेटची जोडणी घेतली की भिंतीवर एक लहानशी पेटी बसते आणि राउटर म्हणजे ती पेटी, असे आपण गृहीत धरतो. मुळात राउटर हे एका कामाचे नाव आहे. आलेल्या पॅकेटवरचा, म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या छोट्या तुकड्यावरचा, पत्ता वाचायचा, आपल्याजवळच्या तक्त्यात त्या पत्त्याकडे जाणारा मार्ग शोधायचा आणि पॅकेट त्या बाजूच्या तारेवर सोडायचे, एवढेच ते काम. तारा जोडण्यासाठी दोन नेटवर्क कार्डे आणि योग्य प्रोग्रॅम असलेला कोणताही संगणक ते करू शकतो. त्यामुळे स्वस्त किंवा जुन्या संगणकालाच राउटर बनवण्याची पद्धत ही हौशी लोकांनी मागाहून काढलेली पळवाट आहे, हा समज इतिहासाला धरून नाही. हे काम संगणकावरच सुरू झाले आणि खास पेटी नंतर आली.

अमेरिकेतील अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वसुरी जाळ्याचा पहिला दुवा १९६९ मध्ये जुळला, तेव्हा पॅकेट पुढे धाडण्यासाठी प्रत्येक केंद्रात जे यंत्र बसवले गेले, ते हनीवेल कंपनीचा डीडीपी-५१६ हा मिनी संगणकच होता. बीबीएन या कंपनीने त्याला मजबूत आवरण चढवले, जोडणीचे जादा भाग बसवले आणि त्यावर आपला प्रोग्रॅम चालवला. पुढे १९८६ मध्ये नॅशनल सायन्स फाउंडेशन या अमेरिकी सरकारी संस्थेने आपल्या जाळ्याचा कणा, म्हणजे मुख्य मार्ग, उभारला, तेव्हाही सहा ठिकाणी डिजिटल कंपनीचे एलएसआय-११ हे छोटे संगणक होते आणि त्यांवर डेव्हिड मिल्स यांनी लिहिलेली ‘फझबॉल’ ही प्रणाली चालत असे. या कण्याचा वेग सेकंदाला अवघा ५६ किलोबिट होता. वापर वाढताच तो तुंबू लागला. दूरच्या संगणकावर टर्मिनलमधून काम करणाऱ्यांना एकेक अक्षर उमटण्याची वाट पाहावी लागू लागली, तेव्हा मिल्स यांनी प्रोग्रॅममध्ये बदल करून अशा पॅकेटना फायलींच्या वाहतुकीपेक्षा अग्रक्रम दिला. वापरणाऱ्यांना त्याची कल्पनाही दिली गेली नव्हती. नवी तार टाकावी लागली नाही, नवे यंत्रही आणावे लागले नाही. राउटर हा प्रोग्रॅम असण्याचे मोल या एका प्रसंगातून जितके कळते, तितके तांत्रिक तुलनांच्या तक्त्यांतून कळत नाही. १९८८ मध्ये हा कणा दीड मेगाबिटवर नेला, तेव्हा कोणताही एक संगणक त्या कामाला पुरेसा नव्हता. म्हणून प्रत्येक केंद्रावर आयबीएमचे नऊ आरटी संगणक एकत्र जोडून त्यांच्याकडून एका राउटरचे काम करून घेण्यात आले.

खास पेटीचा जन्मही याच घराण्यातला. स्टॅनफर्ड विद्यापीठात बिल येगर यांनी लिहिलेला राउटरचा प्रोग्रॅम आधी पीडीपी-११ या संगणकावर आणि नंतर मोटोरोला ६८००० प्रोसेसरच्या बोर्डावर चालत असे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सिस्को कंपनीची सुरुवातीची उत्पादने याच कामातून उभी राहिली आणि कंपनीने १९८७ मध्ये विद्यापीठाकडून त्याचा रीतसर परवाना घेतला. म्हणजे त्या पेट्यांच्या आतही सर्वसाधारण प्रोसेसरच होता. खरा फरक १९९० च्या दशकात पडला. १९९८ मध्ये आलेल्या ज्युनिपरच्या एम४० या राउटरमध्ये पॅकेट पुढे धाडण्याचे काम खास बनवलेल्या चिपकडे गेले. तरीही मार्गांचा तक्ता तयार करण्याचे काम त्यातल्या इंटेल प्रोसेसरच्या संगणकाकडेच राहिले आणि त्यावरची प्रणाली फ्रीबीएसडी या मुक्त प्रणालीवर आधारलेली होती.

खास चिप का लागते, हे समजून घेताना मेगाबिटचा आकडा दिशाभूल करतो. प्रोसेसरवर ओझे पडते ते पॅकेटच्या संख्येचे. एक गिगाबिटची तार मोठ्या, म्हणजे १५०० बाइटच्या पॅकेटनी भरली, तर सेकंदाला साधारण ८१ हजार पॅकेट येतात. तीच तार ६४ बाइटच्या लहान पॅकेटनी भरली, तर ही संख्या सुमारे १४ लाख ८८ हजार होते. पॅकेट लहान असो वा मोठे, पत्ता वाचण्याचे आणि मार्ग शोधण्याचे कष्ट तेवढेच. शिवाय जुन्या पद्धतीत प्रत्येक पॅकेट आल्यावर कार्ड प्रोसेसरला हातातले काम थांबवायला लावत असे. गर्दी फार झाली की प्रोसेसरचा सगळा वेळ या थांबण्यातच जाई आणि प्रत्यक्षात एकही पॅकेट पुढे सरकत नसे. ठरावीक वेळाने आपणहून कार्डाकडे पाहून साठलेली पॅकेट एकदम उचलण्याची पद्धत लिनक्स आणि बीएसडी या मुक्त संगणक-प्रणालींमध्ये रुळल्यावर साध्या संगणकाची ही मोठी उणीव भरून निघाली.

घरगुती आणि लहान कार्यालयांच्या बाबतीत मात्र अडचण वेगाची नव्हती, पत्त्यांची होती. इंटरनेट पुरवठादार एकच पत्ता देई आणि संगणक चार असत. एका पत्त्याआड अनेक संगणक ठेवण्याची पत्ता-बदलाची युक्ती, म्हणजे नॅट, १९९४ मध्ये लेखी स्वरूपात मांडली गेली आणि लिनक्समध्ये ती ‘मास्करेडिंग’ या नावाने आली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘लिनक्स राउटर प्रोजेक्ट’ने ही सगळी यंत्रणा १.४४ मेगाबाइटच्या एका फ्लॉपीत बसवली. कचऱ्यात निघालेला ३८६ किंवा ४८६ संगणक, दोन नेटवर्क कार्डे आणि ती फ्लॉपी एवढे पुरे होई. हार्ड डिस्क, मॉनिटर, कीबोर्ड यांची गरज नसे. फ्लॉपीवरची प्रणाली चालू होताना मेमरीत उलगडत असे आणि त्यानंतर फ्लॉपीचा उपयोगच उरत नसे. फ्लॉपीच्या कोपऱ्यातली खिटी सरकवून लेखनबंदी केली, की कुणी घुसखोराने आत शिरून काही बदलले, तरी यंत्र बंद करून पुन्हा चालू करताच ते पुसले जाई. इतक्या कमी खर्चात इतकी चोख सुरक्षा पुढच्या काळातल्या अनेक महागड्या पेट्यांनाही देता आलेली नाही.

आपल्याकडे व्हीएसएनएल या सरकारी कंपनीची सार्वजनिक इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली आणि १९९८ नंतर खासगी पुरवठादार आले. सायबर कॅफेंच्या त्या काळात एकच डायल-अप जोडणी अनेक संगणकांना वाटून द्यावी लागे आणि ते काम कोपऱ्यातला एखादा संगणक करत असे.

जुन्या संगणकांची ही सद्दी स्वस्त पेट्यांनी संपवली. लिंक्सिस कंपनीची डब्ल्यूआरटी५४जी ही वाय-फाय राउटरची पेटी २००२ च्या अखेरीस आली आणि तिच्या आत लिनक्सच असल्याचे उघड झाल्यावर परवान्याच्या अटीनुसार कंपनीला त्याचा स्रोत, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, खुला करावा लागला. त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी ही अशा पेट्यांवर चालणारी मुक्त प्रणाली उभी राहिली. विजेचा हिशेबही पेटीच्याच बाजूने होता. ६० वॉटचा संगणक वर्षभर अखंड चालवला, तर सुमारे ५२५ युनिट वीज लागते. १० वॉटच्या यंत्राला ८८ युनिट पुरतात.

म्हणून या पद्धतीचा पुढचा टप्पा कमी वीज घेणाऱ्या छोट्या संगणकांवर घडला. स्वित्झर्लंडच्या मानुएल कास्पर यांनी २००३ मध्ये मोनोवॉल ही राउटरची प्रणाली काढली, जिच्या सगळ्या सेटिंग एकाच फाइलमध्ये साठवलेल्या असत; तिच्यातून २००४ मध्ये पीएफसेन्स आणि त्यातून २०१५ मध्ये ओपीएनसेन्स फुटून निघाली. लाटव्हियातल्या मायक्रोटिकने आधी साध्या पीसीवर चालणारी राउटरओएस विकली आणि नंतर स्वतःचे बोर्ड काढले; भारतातल्या लहान इंटरनेट पुरवठादारांकडे ते नाव आज सर्वपरिचित आहे. २०१२ च्या रास्पबेरी पायवर मात्र एकच नेटवर्क पोर्ट होता आणि तोही यूएसबीमार्फत चालणारा, त्यामुळे राउटर म्हणून त्याची धाव तोकडी पडली. २०१९ च्या चौथ्या आवृत्तीत खरा गिगाबिट पोर्ट आला. आता इंटेलच्या एन१०० सारख्या प्रोसेसरचे, चार-चार पोर्टांचे आणि पंखा नसलेले संगणक मिळतात, आणि घरगुती गिगाबिट जोडणी ते सहज पेलतात.

सध्या या पद्धतीला जो जोर आला आहे, त्यामागे वेगापेक्षा दुरुस्तीचा प्रश्न मोठा आहे. पेटीच्या उत्पादकाने सुरक्षा-सुधारणा देणे थांबवले, की धडधाकट यंत्रही धोक्याचे ठरते, आणि बहुतेक ग्राहकांना ते कळतही नाही. साध्या संगणकावर प्रणाली बदलता येते, बिघडलेले कार्ड काढून दुसरे बसवता येते. वाय-फायच्या बाबतीत मात्र संगणकातले कार्ड अजूनही बेभरवशाचे असते, त्यामुळे जाणकार ते काम वेगळ्या अ‍ॅक्सेस पॉइंटवर, म्हणजे फक्त वाय-फाय पुरवणाऱ्या यंत्रावर, सोपवतात. अनेकदा जुनी पेटीच राउटिंग बंद करून तेवढ्यासाठी ठेवली जाते.