श्लेष्मल पुटीय अर्बुद, स्वादुपिंडाचे

स्वादुपिंडात उद्भवणारी, श्लेष्म (बुळबुळीत, चिकट स्राव) तयार करणाऱ्या पेशींचे अस्तर असलेली पोकळ गाठ. वैद्यकीय व्यवहारात तिला ‘म्युसिनस सिस्टिक निओप्लाझम’ किंवा नुसते ‘एमसीएन’ म्हणतात. गाठ बहुधा एकच असते आणि दहांपैकी नऊहून अधिक वेळा स्वादुपिंडाच्या मध्यभागात किंवा शेपटीत आढळते. रुग्ण जवळजवळ नेहमीच स्त्री असते, तीही बहुधा चाळिशी-पन्नाशीतली. पुरुष रुग्ण विसांत एखादा, किंवा त्याहूनही विरळा. गाठ मुळात कर्करोगाची नसली तरी तीतून कर्करोग होऊ शकतो, म्हणून तिची गणना कर्करोगपूर्व विकारांत होते.

वर्गीकरणाचा इतिहास : स्वादुपिंडातील पोकळ गाठी पूर्वी एकाच नावाखाली मोडत. 1978 मध्ये कॉम्पान्यो व अर्टेल या अमेरिकी विकृतिवैज्ञानिकांनी त्यांचे दोन गट पाडले. पातळ, पाण्यासारखा द्रव असलेल्या गाठी एका गटात गेल्या व त्या निरुपद्रवी ठरल्या. श्लेष्मल गाठींचा दुसरा गट, उघड वा सुप्त मारकता (कर्करोगी प्रवृत्ती) असलेला. या दुसऱ्या गटातही दोन निराळे विकार मिसळलेले होते. 1982 मध्ये जपानमध्ये ओहाशी व सहकाऱ्यांनी मुख्य स्वादुपिंड नलिकेत वाढून ती श्लेष्माने तुंबवणाऱ्या अर्बुदांचे वर्णन केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1996 च्या वर्गीकरणात नलिकेतील अंकुरक अर्बुदे (आयपीएमएन) स्वतंत्र धरली गेली. यामुळे 1996 पूर्वीच्या रुग्णमालिकांतील आकडे आज जसेच्या तसे वापरता येत नाहीत. त्यांतील ‘श्लेष्मल पुटी’ नेमकी कोणती, हे ऊतकाची काच पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली धरल्याशिवाय सांगता येत नाही.

रचना : कापलेली गाठ साधारणपणे गोल असते. भोवती जाड तंतुमय कवच, आत एक किंवा काही मोठे कप्पे व त्यांत घट्ट, कधी रक्तमिश्रित श्लेष्म. कवचात कॅल्शियम साठून अंड्याच्या टरफलासारखी कड उमटते. ती फार रुग्णांत नसते, पण असली तर बोलकी असते. आयपीएमएनला द्राक्षांच्या घडाची आणि या गाठीला संत्र्याची उपमा देतात. संत्र्यात फोडी सालीच्या आत असतात, तसे येथे कप्पे एकाच कवचाच्या आत असतात. मुख्य नलिकेशी गाठीचा संबंध सहसा नसतो.

अस्तर उंच, स्तंभाकार, श्लेष्माने भरलेल्या पेशींचे असते. मात्र गाठीची ओळख श्लेष्मावर ठरत नाही. अस्तराखाली दाट, लांबट केंद्रकांच्या पेशींचा एक पट्टा असतो व तो अंडाशयाच्या आधारऊतकासारखा दिसतो. त्यात प्रोजेस्टेरॉनचे आणि बऱ्याचदा इस्ट्रोजेनचे ग्राही (संप्रेरक पकडणारी प्रथिने) असतात. इनहिबिन या अंडाशयातील संप्रेरकासाठीच्या चाचणीचा रंगही अनेकदा उमटतो. 2006 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या 2010 च्या वर्गीकरणाने हा पट्टा निदानासाठी अनिवार्य ठरवला. काहींना ही अट कडक वाटते, कारण मोठ्या, जुन्या गाठीत पट्टा जागोजागी तंतुमय होऊन दिसेनासा होतो. तरी ही अट सोडली की पुरुषांतील व स्वादुपिंडाच्या डोक्यातील ‘एमसीएन’ एकदम वाढतात आणि त्यांतले बरेचसे आयपीएमएनच निघतात. म्हणून अट योग्यच म्हणावी लागते.

उत्पत्तीचा वाद : अंडाशयासारखे ऊतक स्वादुपिंडात येते कोठून? अधिक मान्यता मिळालेली उपपत्ती भ्रूणविज्ञानाची आहे. गर्भाच्या चौथ्या-पाचव्या आठवड्याच्या सुमारास डाव्या जननग्रंथीचा अंकुर आणि स्वादुपिंडाचा पृष्ठीय (पाठीकडचा) अंकुर शेजारीशेजारी असतात. पृष्ठीय अंकुरापासून पुढे स्वादुपिंडाचा मध्यभाग व शेपूट बनतात. जननग्रंथी खाली सरकण्यापूर्वी तिच्या काही पेशी शेजाऱ्याकडे राहून जात असाव्यात, असे हे मत. प्लीहा व डावी जननग्रंथी जन्मतः जोडलेल्या असण्याची विकृती ज्ञात आहे, म्हणजे या परिसरात अशी गल्लत अशक्य नाही. स्वादुपिंडाच्या डोक्याचा काही भाग अधरीय (पोटाकडच्या) अंकुरापासून बनतो. तेथे गाठ क्वचितच आढळते, हेही या मताशी जुळते.

दुसऱ्या मताप्रमाणे बाहेरून काही येत नाही. स्वादुपिंडातीलच अपक्व मध्यस्तरीय ऊतक स्त्री-संप्रेरकांच्या प्रभावाने असे रूप धारण करते. गरोदरपणात गाठ झपाट्याने वाढल्याची नोंद झालेली उदाहरणे या मताला अनुकूल आहेत, आणि पुरुषांतील मोजक्या गाठींचा खुलासाही यात सोपा होतो. पण मग अपक्व ऊतक सर्वत्र असताना गाठ डावीकडेच का, याचे उत्तर मिळत नाही. यकृतात व उदराच्या मागील भागातही अशाच पट्ट्याच्या गाठी होतात. दोन्ही पक्ष त्या आपापल्या बाजूने वाचतात. स्टेरॉइड संप्रेरके घडवण्याशी निगडित जनुके या पट्ट्यात कार्यरत आढळली आहेत, म्हणजे साम्य केवळ दिसण्यापुरते नाही. एकंदरीत पुराव्याचा कल पहिल्या मताकडे आहे. संप्रेरकांचा वाटा गाठ जन्माला घालण्यापेक्षा ती वाढवण्यात असावा.

निदान : अनेक गाठी दुसऱ्याच कारणाने केलेल्या सोनोग्राफीत वा सीटीत सापडतात, मोठ्या गाठीने पोटात जडपणा वा दुखणे येते. सीटी व एमआरआयमध्ये कवच, पडदे आणि भिंतीवरील घट्ट गाठोडी पाहतात. नलिकेशी संबंध आहे का, हे एमआरसीपीत (नलिका दाखवणाऱ्या एमआरआयच्या प्रकारात) बरे दिसते.

पुढची पायरी एंडोस्कोपिक सोनोग्राफीची. जठराच्या भिंतीतून सुई घालून द्रव काढतात. थेंब दोन बोटांत धरून बोटे अलगद दूर केली की श्लेष्माची तार निघते. सेंटिमीटरभर तार क्षणभर टिकली, तर द्रव श्लेष्मल असल्याचा संशय बळावतो. साधन शून्य, पण खूण उपयोगी. प्रयोगशाळेत द्रवातील सीईए (कर्करोगाच्या तपासात मोजले जाणारे एक प्रथिन) मोजतात. 2004 च्या एका अमेरिकी बहुकेंद्री अभ्यासात दर मिलिलिटरला 192 नॅनोग्रॅम ही सीमा श्लेष्मल गाठी ओळखण्यास सर्वांत सरस ठरली, तरी अचूकता सुमारे 79 टक्केच होती. सीईए गाठ श्लेष्मल आहे एवढेच सुचवतो. ती मारक झाली का, हे सांगत नाही. ही गल्लत व्यवहारात वारंवार होते. द्रवातील ग्लुकोज 50 मिलिग्रॅम प्रतिडेसिलिटरच्या खाली असणे ही अलीकडे वापरात आलेली, स्वस्त खूण. केआरएएस जनुकातील उत्परिवर्तन श्लेष्मल गाठ सुचवते. जीएनएएसमधील उत्परिवर्तन आयपीएमएनकडे बोट दाखवते.

खरी अडचण वेगळी आहे. निर्णायक पट्टा भिंतीत असतो आणि सुई आणते द्रव. त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वीचे निदान बहुतेक वेळा वय, लिंग, जागा व द्रव यांच्या बेरजेवर बेतलेले असते.

जुनी व महाग पडणारी चूक छद्मपुटीची. स्वादुपिंडशोथानंतर (स्वादुपिंडाच्या दाहानंतर) साचलेल्या द्रवाभोवती भिंत तयार होते, पण तिला पेशींचे अस्तर नसते. तिचा निचरा जठरात करतात. श्लेष्मल गाठीला छद्मपुटी समजून असाच निचरा केला, तर कर्करोगपूर्व ऊतक जागेवरच राहते. भिंतीचा तुकडा तपासूनही फसगत होते, कारण अस्तर मोठ्या भागात गळून गेलेले असू शकते. शोथाचा पूर्वेतिहास नसलेल्या स्त्रीत ‘छद्मपुटी’ हा शेरा संशयानेच वाचावा. द्रवातील ॲमिलेज (स्वादुपिंडाचे पाचक विकर) कमी असल्यास छद्मपुटीची शक्यता मावळते.

उपचार : मध्यभाग व शेपूट काढणे, प्लीहेसह किंवा ती राखून. 2012 च्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांचा कल शस्त्रक्रिया झेपणाऱ्या सर्वांची गाठ काढण्याकडे होता. 2018 ची युरोपीय तत्त्वे 40 मिलिमीटरहून लहान, लक्षणे व गाठोडी नसलेल्या गाठींवर नुसती नजर ठेवण्याची मुभा देतात. गाठ पूर्ण तपासण्यासाठी भिंतीचे भरपूर नमुने घ्यावे लागतात, कारण आक्रमक कर्करोगाचे केंद्र लहानसे असू शकते. ते नसल्याची खात्री झाली, तर गाठ सहसा परत येत नाही व पुढील तपासण्यांची गरज उरत नाही.