घरचा सर्व्हर बाहेरून का दिसत नाही, आणि त्यावर उपाय काय

आमच्याकडून घरगुती सर्व्हर बसवून घेतलेल्या, किंवा स्वतःच जुन्या संगणकावर नेक्स्टक्लाउड (फाइली), इमिच (फोटो), जेलीफिन (चित्रपट), होम असिस्टंट (घरातली उपकरणं) चालवणाऱ्या ग्राहकांसाठी हे माहितीपत्रक आहे. घरात वायफायवर सगळं झकास चालतं, पण घराबाहेर मोबाइल डेटावर उघडायला गेलं की पान नुसतं फिरत राहतं, ही आमच्याकडे सर्वांत जास्त येणारी तक्रार. बहुतेक वेळा त्यात सर्व्हरचा दोष नसतो. अडचण असते इंटरनेट जोडणीच्या प्रकारात. तो प्रकार कोणता हे कळेपर्यंत कृपया पैसे खर्च करू नका. स्टॅटिक आयपी, म्हणजे कधीही न बदलणारा इंटरनेट पत्ता, घ्यायची घाई तर मुळीच नको. आमच्या मते निम्म्याहून जास्त घरांना त्याची गरजच नसते.

पत्ता तुमचा एकट्याचा आहे का?

जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४चे पत्ते जगात मिळून सुमारे ४२९ कोटी. त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला, आणि त्याच एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिकचं वाटप पाहणारी एपनिक ही संस्था शेवटच्या राखीव गठ्ठ्यावर आली. आपल्याकडे घरोघरी फायबर पोचलं ते त्यानंतर. त्यामुळे इंटरनेट कंपन्या अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. या व्यवस्थेला सीजीनॅट म्हणतात. जुन्या वाड्यातल्या बिऱ्हाडांसारखं हे आहे: आतून कोणीही बाहेर जाऊ शकतं, पण बाहेरून आलेल्या पत्रावर फक्त वाड्याचं नाव असेल तर ते कोणत्या बिऱ्हाडाचं हे दिंडी दरवाजापाशी कळत नाही. तुम्ही राउटरवर कितीही पोर्ट (सेवांची क्रमांकाची दारं) फॉरवर्ड करा, म्हणजे सर्व्हरकडे वळवा, विनंती तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही.

तपासणी पाच मिनिटांची आहे. राउटरच्या पानावर जाऊन ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट स्टेटस’ या भागातला आयपी लिहून घ्या. मग ब्राउझरमध्ये ‘माझा आयपी काय’ असं शोधा. दोन्ही आकडे सारखे असतील तर पत्ता तुमचा आहे. राउटरवरचा आकडा १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. हा पट्टा २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. ‘१०.’ने (दहा आणि मग टिंब) सुरू होणारा पत्ता असेल तरी बहुधा तेच. १९२.१६८ दिसला तर मात्र थांबा. कंपनीच्या फायबर मोडेममागे तुम्ही स्वतःचा राउटर लावलेला असेल, तर एक अडथळा घरातलाच आहे. मोडेम ब्रिज मोडवर टाकला, म्हणजे त्याने पत्ता स्वतःकडे न ठेवता थेट तुमच्या राउटरला दिला, की तो दूर होतो, आणि मग खरा आकडा दिसतो.

एक सूचना: टेलस्केल (आपली उपकरणं खाजगीरीत्या जोडणारी सेवा, तिच्याबद्दल पुढे) वापरणाऱ्यांना फोनवर किंवा संगणकावर १०० ने सुरू होणारा पत्ता दिसतोच, कारण टेलस्केलही तोच पट्टा वापरतं. म्हणून तपासणी राउटरवरच करा.

पत्ता तुमचा निघाला तरी दोन गोष्टी आड येऊ शकतात. तो अधूनमधून बदलतो. त्यावर डकडीएनएससारखी डायनॅमिक डीएनएस सेवा पुरते: नाव तेच राहतं, मागचा पत्ता ती जुळवत राहते. आणि काही कंपन्या घरगुती जोडणीवर ८० व ४४३ ही वेबची नेहमीची पोर्ट बाहेरून बंद ठेवतात. तेव्हा सेवा वेगळ्या पोर्टवर ठेवावी. लेट्स एन्क्रिप्टचं (कुलूपबंद वेब जोडणीसाठी लागणारं, मोफत) प्रमाणपत्र ८० पोर्टशिवाय मिळत नाही असा समज आहे, तो चुकीचा आहे: डोमेनच्या डीएनएसमध्ये एक नोंद टाकूनही ते मिळतं. आणि चाचणी नेहमी वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर घ्या. पुष्कळ राउटर घरातूनच घराच्या सार्वजनिक पत्त्यावर केलेली विनंती परत आत वळवत नाहीत, आणि चालू असलेली सेवा बंद असल्यासारखी वाटते.

फक्त घरच्यांसाठी हवं असेल तर

इथे आमचं मत ठाम आहे. फोटो, कागदपत्रं, घरातले दिवे, दुकानातला संगणक, हे पाच-सात ओळखीच्या माणसांनीच वापरायचं असेल तर जगासाठी एकही पोर्ट उघडू नका. सीजीनॅट येणारी विनंती अडवतं, जाणारी अडवत नाही. मग सर्व्हरनेच बाहेर जाऊन जोडणी करावी आणि तुमच्या फोनने तिथे येऊन भेटावं. टेलस्केल हेच करतं. त्याच्या मुळाशी वायरगार्ड हे दोन टोकांमध्ये कुलूपबंद जोडणी करणारं तंत्र आहे, जे मार्च २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट आहे. सर्व्हरवर एकदा, प्रत्येक फोनवर एकदा बसवायचं, आणि पुण्यात शिकणारा मुलगा किंवा न्यू जर्सीतली मुलगी घरातल्याच वायफायवर असल्यासारखी फोटो पाहते. दोन्ही टोकांची थेट गाठ पडली नाही तर माहिती मधल्या रिले सर्व्हरवरून फिरते. तेव्हा वेग पडतो, पण कुलूपबंदी (एन्क्रिप्शन) कायम राहते. टेलस्केल कंपनीच्या समन्वय सर्व्हरवर विसंबायचं नसेल तर हेडस्केल हा मुक्त पर्याय आहे. फक्त तो बाहेर कुठेतरी चालवावा लागतो.

टॅलीसाठी रिमोट डेस्कटॉपचं (दुरून संगणकाचा पडदा वापरण्याच्या सेवेचं) ३३८९ पोर्ट थेट उघडून ठेवलेली दुकानं आणि कार्यालयं आजही आहेत, आणि त्याची आम्हाला खरोखर काळजी वाटते. असं पोर्ट दिवसरात्र कोणी ना कोणी चाचपत असतं. मे २०१९ मध्ये याच सेवेतली ब्लूकीप नावाची त्रुटी इतकी गंभीर निघाली की मायक्रोसॉफ्टने पाठिंबा संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली. रिमोट डेस्कटॉप वापरा, पण टेलस्केल किंवा वायरगार्डच्या आतून. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरलाही हेच लागू. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले कॅमेरे आणि डीव्हीआर हजारोंनी ताब्यात घेतले होते, आणि त्यांच्या मालकांना पत्ताही नव्हता.

सगळ्यांना दिसायला हवं असेल तर

संस्थेचं संकेतस्थळ, वर्गाची नोंदणी, नातेवाइकांना नुसता दुवा पाठवून दाखवायचा लग्नाचा अल्बम, यांसाठी समोरच्याला काही बसवायला सांगता येत नाही. सर्वांत सोपा मार्ग क्लाउडफ्लेअर टनेल. तुमचं डोमेन त्यांच्या डीएनएसवर न्यायचं, घरच्या सर्व्हरवर छोटा प्रोग्राम चालू ठेवायचा. तो बाहेर जोडणी धरून ठेवतो आणि पाहुणे तिथून आत येतात. पण दोन गोष्टी माहीत असू द्या. कुलूपबंद माहिती त्यांच्या सर्व्हरवर उघडते आणि मग पुढे येते, म्हणजे ती त्यांना वाचता येऊ शकते. आणि मोफत योजनेत एका विनंतीत १०० एमबीहून जास्त चढवता येत नाही. फोनवर काढलेला मिनिटभराचा ४के व्हिडिओ ही मर्यादा सहज ओलांडतो. ‘इमिचवर फोटो जातात, व्हिडिओ अडकतात’ ही तक्रार घेऊन येणाऱ्यांकडे आम्ही आधी हेच तपासतो.

हे दोन्ही नको असेल तर भाड्याचा लहानसा व्हीपीएस (डेटा सेंटरमधला आभासी सर्व्हर) घ्यावा. त्याला स्वतःचा सार्वजनिक पत्ता असतो. घरचा सर्व्हर वायरगार्डने त्याच्याशी जोडायचा, व्हीपीएसने येणारी विनंती जशीच्या तशी घरी पाठवायची, आणि प्रमाणपत्र घरच्याच सर्व्हरवर ठेवायचं. मग मधे कोणी काही वाचू शकत नाही. वायरगार्डमध्ये ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ सेकंदांवर ठेवायला विसरू नका, नाहीतर थोडा वेळ शांतता झाली की सीजीनॅट ती वाट विसरतं. डेटा सेंटर मुंबईचं निवडा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार व्हीपीएस देणाऱ्यांना ग्राहकाची खरी माहिती घेऊन ती पाच वर्षं जपावी लागते, तेव्हा कागदपत्रं मागितली तर दचकू नका.

आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, हा चौथा रस्ता. भारतात मोठ्या कंपन्या तो फायबरवर आणि मोबाइलवर देतात, आणि त्यात प्रत्येक उपकरणाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो. सीजीनॅटचा प्रश्नच येत नाही. राउटरच्या फायरवॉलमध्ये त्या एका उपकरणाच्या एकाच पोर्टला वाट द्यावी लागते, आणि कंपनीच्या काही राउटरमध्ये ही सोयच नसते. पाहणाऱ्याकडेही आयपीव्ही६ हवं. जिओ-एअरटेलच्या मोबाइलवर ते असतं, कार्यालयाच्या किंवा हॉटेलच्या वायफायवर अनेकदा नसतं.

घरून ईमेल सर्व्हर चालवण्याचं काम आम्ही घेत नाही. ईमेल पाठवण्याचं २५ पोर्ट बहुतेक घरगुती जोडण्यांवर बंद असतं, आणि ते सुरू असलं तरी घरगुती पत्त्यांवरून आलेली पत्रं मोठ्या सेवा थेट नाकारतात.

कंपनीशी बोलताना

घरगुती योजनेच्या अटी वाचा. कित्येक योजनांत व्यावसायिक सेवा चालवायला मनाई असते. लोकांकडून पैसे घेऊन सेवा देत असाल तर व्यावसायिक जोडणी घ्या. अटी चुकवायची क्लृप्ती आम्ही लावून देत नाही. ‘अमर्याद’ योजनेलाही बऱ्याचदा महिना ३३०० जीबीसारखी मर्यादा असते, आणि अपलोडही त्यात धरलं जाऊ शकतं. घरून रोज चित्रपट बाहेर पाठवणाऱ्यांनी हे विचारून घ्यावं. स्टॅटिक आयपी घ्यायचंच ठरलं, तर स्थानिक केबलचालकाला आधी हे विचारा: तो पत्ता सार्वजनिक आहे ना, ८० आणि ४४३ पोर्ट उघडी मिळतील का, मोडेम ब्रिज मोडवर करून देणार का. उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या.

आणि वीज. मोडेम आणि राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा, आणि सर्व्हरच्या बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) ‘वीज आल्यावर आपोआप सुरू हो’ हा पर्याय चालू करा. गावाला गेल्यावर घरचा सर्व्हर बंद पडला तर यातलं काहीही कामाला येत नाही.

आम्हाला बोलावण्याआधी राउटरच्या इंटरनेट स्टेटस पानाचा फोटो, योजनेचं नाव, आणि कोण-कोण कुठून वापरणार याची यादी पाठवा. पुष्कळदा तेवढ्यावरच फोनवर मार्ग सांगता येतो आणि भेटीचा खर्च वाचतो. डोमेन, टनेलचं खातं आणि व्हीपीएस आम्ही तुमच्याच नावाने, तुमच्याच ईमेलवर उघडतो. पासवर्ड आणि वायरगार्डच्या किल्ल्या काम झाल्यावर तुमच्या हवाली करतो. आमच्याकडे प्रत ठेवत नाही.