तक्रार आणि बोभाटा

गणेशोत्सवाच्या आधीचे काही आठवडे पुण्यात मुठेच्या पात्रालगत ढोल-ताशा पथकांचे सराव रोज संध्याकाळी चालतात आणि तेथे येणारी बहुतेक मंडळी हौसेने येतात. समजा, अशा पथकातील एका मुलीने सराव संपल्यावर सर्वांसमोर सांगितले की अमुक जुना वादक शिकवण्याच्या निमित्ताने माझ्याशी लगट करतो, तर दुसऱ्या दिवशी पथकात ‘तिने तक्रार केली’ असेच म्हटले जाईल. वास्तविक तो जाहीर आरोप आहे. मजकूर तोच आणि सांगणारीही तीच असली, तरी ऐकणारा बदलला की गोष्ट बदलते.

तक्रार ज्याला जाब विचारण्याचा अधिकार आहे त्याच्याकडे केली जाते, मग तो पथकप्रमुख असो, संस्थेचे विश्वस्त असोत की पोलीस ठाणे. आणि ती ऐकून घेतली की दुसरी बाजू विचारण्याची, साक्षीदारांशी बोलण्याची, तोवर त्या वादकाला सरावापासून दूर ठेवण्याची जबाबदारी ऐकणाऱ्यावर येते. जाहीर आरोप दीडशे जणांच्या कानी पडतो, पण पुढे काही करण्याचे बंधन त्यांच्यापैकी कोणावरच नसते. आठवडाभरात पथकात दोन तट पडतात, आणि मूळ प्रश्न, म्हणजे त्या संध्याकाळी नेमके काय घडले, तो कोणी विचारलेलाच नसतो.

कायदाही हा भेद मानतो. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधा कारावास, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा अशी शिक्षा सांगितली आहे. त्याच कलमाचा आठवा अपवाद मात्र अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावनेने केलेल्या तक्रारीला संरक्षण देतो; नोकराच्या वागणुकीचे गाऱ्हाणे मालकाकडे किंवा मुलाचे बापाकडे नेणे, असे साधे दाखले तेथे दिले आहेत. चारचौघांत बोलणाऱ्याला हा अपवाद सहसा मिळत नाही. त्याला आपले म्हणणे खरे असून ते सांगणे लोकहिताचे होते, हे दाखवावे लागते, किंवा स्वतःच्या वा इतरांच्या हितरक्षणासाठी सद्भावनेने बोललो, हे तरी. ते अशक्य नाही. माजी केंद्रीय मंत्री एम. जे. अकबर यांच्यावर लैंगिक छळाचा जाहीर आरोप करणाऱ्या पत्रकार प्रिया रमाणी यांची दिल्लीच्या न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये बदनामीच्या खटल्यातून निर्दोष मुक्तता केली आणि स्त्रीला अनेक वर्षांनंतरही आपल्या पसंतीच्या व्यासपीठावर गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क आहे, असे नमूद केले. तथापि त्यासाठी त्यांना दोन वर्षांहून अधिक काळ आरोपी म्हणून न्यायालयात उभे राहावे लागले.

येथे आणखी एक घोटाळा हमखास होतो: सिद्ध न झालेले ते खोटे, असे लोक धरून चालतात. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने, केवळ पुरावा देता आला नाही म्हणून तक्रारदार स्त्रीवर कारवाई करण्याची गरज नाही, असे स्पष्ट लिहून ठेवले आहे. हौशी पथकाला तो कायदा जसाच्या तसा लागू होईलच असे नाही, पण त्यातील हे तत्त्व आणि चौकशीतील नावे गुप्त ठेवण्याचा नियम पथकाला आपल्यापुरता लावून घेता येतो. माझ्या मते बोभाट्याचा दोष बोलणाऱ्या मुलीकडे क्वचितच असतो. सरावाचे वेळापत्रक महिनाभर आधी ठरवणाऱ्या पथकात तक्रार कोणाकडे न्यायची हे ठरलेलेच नसेल, किंवा आरोप ज्याच्यावर आहे तोच पथकप्रमुख असेल, तर तिने जायचे तरी कोठे?

मुलगी अठरा वर्षांखालील असेल, तर निवडीचा प्रश्नच उरत नाही. बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार लैंगिक गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा ‘आपसांत मिटवू’ म्हणून दडपणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो.