हिसका, लाट आणि फुली: झटक्यात तुटणाऱ्या धातूची पार्श्वभूमी

दोघांनी मिळून चादर झटकली की एका टोकाचा हिसका दुसऱ्या टोकाच्या हाताला बसतो, हे सोलापुरात कुणाला सांगायला नको. तारेतही हिसका असाच धावतो. १८७२ साली जॉन हॉपकिन्सन या इंग्रज अभियंत्याने लोखंडी तार वरून घट्ट अडकवून उभी टांगली आणि तिच्या खालच्या टोकाला वजन आदळवलं. दणका खाली, तर तार तुटायलाही हवी खालीच. पण कैक वेळा ती तुटली वर! दणक्याची लाट सेकंदाला सुमारे ५ किलोमीटर वेगाने वर जाते आणि अडकवलेल्या टोकावरून परतते. तिथे ताण दुप्पट होतो. शिवाय तार तुटणं वजनावर फारसं अवलंबून नव्हतं, ते वजन किती उंचीवरून, म्हणजे किती वेगाने, आदळलं यावर होतं. वजनापेक्षा वेग महत्त्वाचा, हे त्या काळी पचणं कठीणच.

दुसरा धागा उष्णतेचा. १८७८ मध्ये फ्रान्सच्या ट्रेस्का या अभियंत्याने प्लॅटिनम-इरिडियमची कांब घडवताना एक नवल नोंदवलं. कांबेची लाली गेलेली होती, तरी वाफेच्या घणाचा घाव पडताच तिच्यावर तिरक्या तेजस्वी रेषांची फुली उमटायची. धातू वाकवायला लागलेल्या श्रमाची बहुतेक उष्णताच होते. सावकाश वाकवलं तर ती पसरते. झटक्यात वाकवलं तर पसरायला वेळच मिळत नाही. जिथे तापला तिथे धातू मऊ होतो, मऊ झाला म्हणून तिथेच आणखी सरकतो, आणखी तापतो. झेनर आणि होलोमन या संशोधकांनी १९४४ मध्ये हे नीट उलगडलं. पोलादी पत्र्याला भोक पाडताना त्यांना असा एकाच जागी तापून सरकलेला पट्टा दिसला: रुंदी जेमतेम ३२ मायक्रॉन, केसाहूनही बारीक.

झटक्यात धातू किती ताण सोसतो याचं मोजमाप मात्र रखडलं. जॉन हॉपकिन्सनचा मुलगा बर्ट्रम याने १९१४ मध्ये स्फोटाचा दाब पोलादी दांड्यातल्या लाटेवरून मोजला. कोल्स्की या संशोधकाने १९४९ मध्ये अशा दोन दांड्यांच्या मध्ये धातूची चकती ठेवून धातूचीच परीक्षा घेतली. प्रयोगशाळांत आजही तीच मांडणी चालते.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत लेथवर काम केलेल्यांना मऊ पोलादाची अखंड, पीळदार साल ओळखीची असते. टायटॅनियमचा जॉब लावला, तर सालीला करवतीसारखे दात येतात. दोन दातांमधला तो चिंचोळा पट्टा ट्रेस्काच्या फुलीच्याच जातीचा.